फिल्मवर चोरून पडणारा प्रकाश

आमच्या शाळेच्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेमागें एक लहानशी काळोखी खोली आहे, ही गोष्ट बहुतेक विद्यार्थ्यांस ठाऊकही नसेल. पुष्कळ वर्षें तिच्यांत मोडकीं बाकें आणि जुने नकाशे पडून होते. गेल्या वर्षीं आम्हां दहा-बारा जणांच्या छायाचित्र-मंडळानें ती झाडून काढली, तेव्हां एका लांकडी पेटींत फिल्मवर चालणारे दोन जुने कॅमेरे, फिल्म धुण्याची एक टाकी आणि काळ्या प्लास्टिकचा एक गोल डबा सांपडला. डब्याच्या एका बाजूस फिरविण्याचा दांडा होता व त्याच्याजवळ आंकडे कोरलेली चकती होती. आम्हीं तो कॉफी दळण्याच्या यंत्राचा भाग असावा असें ठरवून टाकलें होतें. परंतु आमच्या विज्ञानाच्या सरांनीं तो हातांत घेतला, हंसले, आणि म्हणाले, ‘अरे, हा बल्क लोडर! माझ्या विद्यार्थिदशेंत असाच एक माझ्याजवळ होता.’

हल्लीं ज्याच्या त्याच्या खिशांत मोबाइल असतां व त्यांतून क्षणांत शंभर फोटो निघत असतां फिल्मच्या नादीं लागावें तरी कशाला, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर एवढेंच कीं, आम्हांस हौस होती, कॅमेरे फुकट सांपडले होते आणि काळोखी खोलीही तयार होती. अडचण होती ती पैशाची. बाजारांत तयार मिळणारी एकेक कॅसेट मंडळाच्या वर्गणीस झेपण्यासारखी नव्हती. त्यावर सरांनीं सुचविलेला उपाय म्हणजे शंभर फुटांची एकच मोठी गुंडाळी विकत घ्यावी व तिच्यांतून आपल्या कॅसेटी आपणच भराव्या. तो उपाय आम्हीं केला, त्यांत आमची कशी फजिती झाली आणि तिचें कारण आम्हीं कसें शोधून काढलें, तें येथें सांगावयाचें आहे.

प्रथम ही फिल्म कशी असते तें पाहूं. ती मूळ चलच्चित्रपटाची फिल्म. तिची रुंदी ३५ मिलिमीटर असून दोन्ही कडांना भोकांच्या रांगा असतात. आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला, त्याबरोबर फिल्मला भोकें पाडण्याचें यंत्रही आणलें होतें. कोरी फिल्म उजेडांत काढतां येत नसल्यामुळें तिला भोकें पाडण्याचें काम अंधारांत चाले व त्यांत सरस्वतीबाई फाळके यांचा मोठा हात होता. याच फिल्मवर स्थिर चित्रें घेणारा लहान कॅमेरा जर्मनींत वेट्झलार येथील लाइट्झ कारखान्यांतील ऑस्कर बार्नाक यांनीं तयार केला, व तो लायका या नांवानें १९२५ सालीं लाइप्झिगच्या जत्रेंत लोकांपुढें आला. तयार भरलेल्या कॅसेटी कोडॅक कंपनीनें आपल्या रेटिना कॅमेऱ्याबरोबर १९३४ सालीं विकावयास काढल्या. तोंपर्यंत लायका बाळगणारा मनुष्य आपल्या पितळी कॅसेटी अंधारांत स्वतःच भरीत असे. तेव्हां आम्ही जें करीत होतों तें कांहीं नवीन नव्हतें.

आतां थोडा हिशेब. एका चित्राची लांबी ३६ मिलिमीटर, दोन चित्रांमधील मोकळी जागा २ मिलिमीटर, मिळून ३८. म्हणजे दर चित्रामागें कॅमेरा आठ भोकें पुढें सरकतो. छत्तीस चित्रांस १३६८ मिलिमीटर फिल्म लागते, आणि आरंभीची जीभ व शेवटची शेपटी धरून सुमारें १६५ सेंटिमीटर, अर्थात् साडेपांच फूट. शंभर फुटांत अशा अठरा कॅसेटी होतात. शिवाय बारा चित्रें हवीं असतील तर बाराचीच कॅसेट भरतां येते, हा फायदा निराळा.

लोडरची रचना सोपी आहे. एका बंद कप्प्यांत मोठी गुंडाळी बसते. ती बसवितांना मात्र संपूर्ण अंधार हवा. त्या कप्प्यांतून एका अरुंद फटीवाटे फिल्मचें टोंक बाहेर लहान कप्प्यांत येतें. तें टोंक रिकाम्या कॅसेटच्या रिळाला चिकटपट्टीनें चिकटवावयाचें, रीळ कॅसेटमध्यें घालावयाचें, लहान कप्प्याचें दार लावावयाचें, आणि मग दांडा फिरवून हवी तितकी फिल्म कॅसेटमध्यें गुंडाळावयाची. हें सर्व उजेडांत करतां येतें, हीच लोडरची सोय. कांहीं लोडरांत त्या फटीला मखमलीची दुहेरी पट्टी असते व फिल्म तिच्यामधून घासून जाते. कांहींत मखमल नसून एक फिरतें द्वार असतें. दार लावल्यावर तें उघडावयाचें व दार उघडण्यापूर्वीं आठवणीनें बंद करावयाचें. पहिल्या प्रकारांत मखमलींत धुळीचा कण अडकला तर साऱ्या फिल्मवर शेवटपर्यंत ओरखडा उमटतो. दुसऱ्यांत ओरखडा नाहीं, पण विसराळू माणसाची धडगत नाहीं. आमचा लोडर दुसऱ्या प्रकारचा होता.

दिवाळीच्या सुटीपूर्वीं आम्हीं गुंडाळी आणली, सरांच्या देखरेखीखालीं लोडरमध्यें बसविली आणि त्याच दिवशीं दोन कॅसेटी भरल्या. त्या दोन्ही उत्तम निघाल्या. सुटी संपल्यावर डिसेंबरांत स्नेहसंमेलनासाठीं आणखी तीन भरल्या. संमेलनांतील नाटक, खेळांचे सामने, बक्षीससमारंभ, सर्व कांहीं आम्हीं टिपलें. शेवटच्या दिवशीं एक विशेष प्रसंग होता. आमच्या शाळेंत गेलीं कित्येक वर्षें घंटा देणारे मामा त्या दिवशीं सेवानिवृत्त झाले. हार घातलेल्या मामांनीं घंटेची दोरी अखेरची हातांत धरली, त्या क्षणाचें चित्र पांचव्या फिल्मवर छत्तिसावें म्हणून घेतलें. त्यानंतर कॅमेरा पुढें सरकेना, म्हणून आम्हीं समाधानानें फिल्म उलट गुंडाळून घेतली.

तिन्ही फिल्मा धुतल्यावर आमचा हिरमोड झाला. ज्या ठिकाणीं प्रकाश अधिक लागतो तेथें निगेटिव्ह काळी होते व कागदावर तीच जागा पांढरी उमटते, हें वाचकांस ठाऊक असेलच. आमच्या निगेटिव्हवर ठिकठिकाणीं काळे ढग पसरले होते. कोठें कडेला, कोठें मध्यभागीं, कोठें आडवा पट्टाच. मामांच्या चित्रांत घंटा स्वच्छ आली होती, दोरी आली होती, दोरी धरलेला हातही आला होता. चेहरा मात्र अर्धा पांढऱ्या धुक्यांत गडप. आणि मामा तर दुसऱ्याच दिवशीं कोंकणांत आपल्या गांवीं निघून गेले होते.

सर्वांनीं एकमुखानें कॅमेऱ्यास गुन्हेगार ठरविलें. तो जुना, मुका, आणि त्याची बाजू मांडणारा कोणी नाहीं. त्याच्या मागच्या दाराला आम्हीं काळी चिकटपट्टी अशी गच्च बांधली कीं, तो इस्पितळांतून आल्यासारखा दिसूं लागला. मग आणखी एक फिल्म काढून पाहिली. डाग जसेच्या तसे.

तेव्हां सर म्हणाले, ‘तुम्ही चित्रें पाहतां आहां; चित्रें पाहूं नका, कड पाहा.’ या एका वाक्यानें आमच्या शोधाची दिशा बदलली, म्हणून त्याचा अर्थ नीट सांगतों. फिल्म ३५ मिलिमीटर रुंद, पण चित्राची उंची २४. वर व खालीं साडेपांच साडेपांच मिलिमीटरची कड उरते व तींत भोकें असतात. कॅमेऱ्यांत भिंगांतून येणारा प्रकाश २४ बाय ३६ च्या चौकटींतूनच फिल्मवर पडूं शकतो. कडेवर पडणें त्यास शक्य नाहीं. म्हणून डाग जर चित्राच्या चौकटींतच असेल व कड स्वच्छ असेल, तर दोष भिंगाचा किंवा शटरचा. सूर्य समोर ठेवून फोटो घेतला असेल, किंवा शटरचा पडदा भोकसला असेल. पण डाग जर चित्राबाहेर जाऊन भोकांपर्यंत पोंचला असेल, तर तो प्रकाश चौकटीच्या वाटेनें आलेलाच नव्हे. तो कॅमेऱ्याच्या मागील दारांतून, कॅसेटमधून, लोडरमधून किंवा आपल्या काळोख्या खोलींतून आलेला असला पाहिजे. आमचे सर्व डाग कडेपर्यंत पोंचले होते. चार संशयितांपैकीं कोण, एवढेंच उरलें.

त्यासाठीं दुसरें साधन म्हणजे मोजपट्टी. फिल्म गुंडाळलेली असतांना तिच्यावर एका जागीं प्रकाश पडला, तर तो एकावर एक असलेल्या वेढ्यांवर पडतो. पुढें ती फिल्म उलगडली कीं, तोच डाग दर वेढ्यास एकदां असा पुनःपुन्हा दिसतो. दोन डागांमधील अंतर म्हणजे त्या गुंडाळीचा परीघ! अंतर मोजा, म्हणजे प्रकाश पडला त्या वेळीं फिल्म किती मोठ्या गुंडाळींत होती हें कळतें. छत्तीस चित्रांची फिल्म भरलेल्या कॅसेटमध्यें बाहेरच्या वेढ्याचा व्यास सुमारें २० मिलिमीटर, म्हणजे परीघ सवासहा सेंटिमीटर; रिळाजवळ तोच साडेतीन-पावणेचार सेंटिमीटर होतो. उलटपक्षीं शंभर फुटांची गुंडाळी सुमारें नऊ सेंटिमीटर व्यासाची, तेव्हां तिचा परीघ सुमारें २८ सेंटिमीटर. कॅमेऱ्याच्या मागील दारांतून प्रकाश येत असेल तर हिशेब तिसराच. दर चित्रास फिल्म एकदां थांबते, म्हणून डाग दर ३८ मिलिमीटरांवर, प्रत्येक चित्रांत नेमक्या त्याच जागीं येतो. आणि दोन चित्रांच्या मध्यें कॅमेरा उन्हांत जितका अधिक वेळ पडून राहिला असेल तितका तो गडद होतो.

आम्ही निगेटिव्ह टेबलावर पसरून मोजपट्टी घेऊन बसलों, आणि जो एक गोंधळ वाटत होता तो तीन निरनिराळ्या दोषांत उलगडूं लागला. असें होईल असें आमच्यापैकीं कोणास वाटलें नव्हतें. एकाच रोग्यास तीन रोग असूं शकतात, हें वैद्य मंडळी जाणतात. आम्हांस तें शिकावें लागलें.

पहिला डाग तिसऱ्या, चौथ्या व पांचव्या या तिन्ही फिल्मांवर होता. तो नेहमीं एकाच कडेला, भोकांवरून चित्रांत दोनएक मिलिमीटर शिरलेला. तिसऱ्या फिल्मवर दोन डागांमधील अंतर सुमारें २७ सेंटिमीटर भरलें व पांचवीवर सुमारें २६. एवढ्या मोठ्या परिघाची गुंडाळी म्हणजे लोडरमधीलच. फिल्म वापरली जाते तशी ती गुंडाळी लहान होते, म्हणून अंतरही कमी होत गेलें. डाग एकाच कडेला होता, याचा अर्थ प्रकाश गुंडाळीच्या पाठीवर न पडतां तिच्या एका कुशीवर पडला होता. आणि ती कूस लोडरच्या झाकणाकडची होती. पण मग पहिल्या दोन फिल्मा स्वच्छ कशा? याचें उत्तर आमच्यापैकीं एकास आठवलें. त्या दोन पहिल्याच दिवशीं भरल्या होत्या. त्यानंतर दिवाळीची सारी सुटी लोडर प्रयोगशाळेच्या खिडकींत, पश्चिमेच्या उन्हांत उभा होता. तो तेथें कोणी ठेवला, हें आम्ही येथें छापीत नाहीं. तो गृहस्थ या लेखाच्या लेखकांपैकींच एक आहे.

दुसरा डाग फक्त चौथ्या फिल्मवर होता. आरंभींच्या चित्रांवर तो काळाकुट्ट, पुढें फिका, आणि दहाव्या-बाराव्या चित्रानंतर नाहींसा. अंतर आरंभीं सवासहा सेंटिमीटर व पुढें हळूहळू कमी. हा कॅसेटचा दोष हें उघडच झालें. फिल्मचा आरंभ कॅसेटमध्यें सर्वांत बाहेरच्या वेढ्यांत असतो, म्हणून तोंडांतून शिरलेला प्रकाश त्यास अधिक बाधतो. आंतले वेढे बाहेरच्यांच्या आडोशास असतात.

तिसरा डाग मामांच्या चित्रावरचा. हा अगदीं शेवटीं, एकदांच, व फिल्मच्या साऱ्या रुंदीवर पसरलेला. आणि गंमत अशी कीं, शोधून पाहतां तो पांचही फिल्मांच्या शेवटीं होता! पहिल्या दोन फिल्मांत आम्हीं तेहतीस-चौतीसच चित्रें घेतलीं होतीं, म्हणून तो ध्यानांत आला नव्हता. खरें पाहतां हा दोष नव्हेच. लोडर वापरतांना फिल्मचें टोंक उजेडांत बाहेर काढून रिळाला चिकटवावें लागतें. फटीपासून रिळापर्यंतचा तो तुकडा, सहा-आठ सेंटिमीटरांचा, काळा व्हावयाचाच. कॅमेऱ्यांत तोच तुकडा सर्वांत शेवटीं येतो. त्यांतला कांहीं भाग कॅसेटमध्येंच राहतो, बाकीचा शेवटच्या चित्राखालीं येतो. म्हणून लोडरनें भरलेल्या फिल्मचें शेवटचें चित्र आपलें नव्हे असें समजावें, व महत्त्वाचें कांहीं तेथें घेऊं नये. हें आम्हांस कोणी आधीं सांगितलें असतें तर! सरांस विचारलें, तेव्हां ते म्हणाले कीं, त्यांनीं सांगितलें होतें. आम्ही दांडा फिरविण्यासाठीं आपसांत भांडत होतों म्हणून ऐकलें नाहीं. तेंही शक्य आहे.

तर्क कितीही नीट जुळला तरी प्रयोगानें पटवून घ्यावा, अशी सरांची शिस्त. म्हणून आम्हीं पूर्ण अंधारांत गुंडाळीतून चार तुकडे कापले. पहिले तीन तीस तीस सेंटिमीटरांचे. एका वेढ्याहून मुद्दाम लांब, कारण गुंडाळींतच डाग असेल तर तो अशा तुकड्यांतून निसटूं शकत नाहीं. चौथा अर्ध्या मीटरचा. अंधारांत ओळखतां यावे म्हणून त्यांच्या कोपऱ्यांना अनुक्रमें एक, दोन, तीन व चार खांचा पाडल्या. पहिला तुकडा तसाच टाकींत धुण्यासाठीं ठेवला. दुसरा कोठलाही प्रकाश न दाखवितां पुन्हा लोडरच्या द्वारांतून घातला, उजेडांत नेहमींच्या रीतीनें चांगल्या कॅसेटमध्यें भरला, व तेथून टाकींत. तिसरा संशयित कॅसेटमध्यें अंधारांतच भरून ती कॅसेट अर्धा तास उन्हाच्या खिडकींत ठेवली. चौथा चांगल्या कॅसेटमध्यें अंधारांत भरून, कॅमेऱ्यांत घालून, भिंगावर झाकण ठेवून, अंगणांतील उन्हांत पांच-सहा वेळां शटर दाबलें. मग चारही तुकडे एकाच टाकींत, एकाच डेव्हलपरमध्यें धुतले, म्हणजे रसायनाचा दोष सर्वांस सारखाच लागावा.

निकाल असा. पहिल्या तुकड्यावर कडेचा डाग होता. म्हणजे गुंडाळी लोडरमध्यें असतांनाच बाधली गेली होती. दुसऱ्यावर तोच डाग व शेपटीचा काळा भाग, याहून अधिक कांहीं नाहीं. म्हणजे लोडरचें द्वार निर्दोष. तिसऱ्यावर त्याखेरीज जवळजवळ पडलेले ढग, बाहेरून आंत फिके होत गेलेले. चौथ्यावर कडेच्या जुन्या डागाखेरीज कांहीं नाहीं. कॅमेरा निरपराध ठरला! त्याची चिकटपट्टी आम्हीं समारंभपूर्वक सोडली. दुसऱ्या कॅमेऱ्याविषयीं मात्र असें म्हणतां येत नाहीं. त्याच्या दारांतील काळा स्पंज वितळून डांबरासारखा झाला आहे. तो खरवडून त्या खांचेंत काळ्या लोकरीचा धागा बसविण्याचें काम चालूं आहे.

मग दोषांच्या जागा शोधल्या. कॅसेटच्या तोंडाला दोन्ही ओठांवर मखमल असते व फिल्म तिच्यामधून बाहेर येते. संशयित कॅसेटच्या एका ओठाची मखमल एका टोंकाशीं सुटून वर आली होती. तितकी फट नखाएवढीही नव्हती, तरी पुरेशी होती. लोडरच्या झाकणाचा दोष शोधणें अधिक कठीण गेलें. उरलेली गुंडाळी अंधारांत काढून तिच्या मूळ काळ्या पिशवींत व डब्यांत ठेवली, रिकाम्या लोडरमध्यें मोबाइलचा दिवा लावून ठेवला, आणि दिवे मालवून पाहूं लागलों. कांहींच दिसेना. सरांनीं आणखी दहा मिनिटें गप्प बसावयास सांगितलें. डोळे अंधारास सरावल्यावर झाकणाच्या कडेला केसासारखी एक तांबूस रेघ दिसूं लागली. तेथें प्लास्टिकला बारीक तडा गेलेला होता. येथें एक सावधगिरीची गोष्ट सांगणें अवश्य आहे. डोळ्यांस रेघ दिसली तर दोष आहे हें निश्चित; पण दिसली नाहीं म्हणजे दोष नाहींच असें मात्र नव्हे. डोळा पाहतो तें क्षणाचें. फिल्म आठ दिवसांचा प्रकाश सांठवून ठेवते.

प्रत्येक काळा डाग म्हणजे चोरून आलेला प्रकाशच असेंही नाहीं, आणि आम्हीं पुढें कांहीं खोट्या संशयांत वेळ घालविला म्हणून त्यांचा उल्लेख करतों. कोरड्या थंडीच्या दिवसांत दांडा फार वेगानें फिरविला तर फिल्मवर घर्षणाची वीज जमते व तिची ठिणगी पडते; निगेटिव्हवर निष्पर्ण झाडाच्या फांद्यांसारख्या काळ्या रेघा उमटतात. जानेवारींत आम्हांस अशी एक फिल्म मिळाली. फार सुंदर दिसते, पण नाटकांतील राजाच्या तोंडावर झाड उगवलें आहे. हळू फिरविणें हाच त्यावर उपाय. टाकीच्या चक्रावर फिल्म चढवितांना ती मुडपली तर नखाच्या आकाराची काळी चंद्रकोर पडते. ती दाबाची खूण. सारी फिल्म कडेसकट सारखीच करडी झाली असेल तर ती जुनी झाली किंवा उष्णतेंत राहिली असें समजावें. आणि तांबड्या दिव्याचा मोह कोणीं धरूं नये. कागद छापतांना तो चालतो, पण हल्लींच्या बहुतेक फिल्मांस तांबडा रंगही दिसतो. त्यांस संपूर्ण काळोखच पाहिजे. चकाकणारें घड्याळ व मोबाइल, दोन्हीं खोलीबाहेर ठेवावीं.

आणखी एक चमत्कार सरांनीं सांगितला तो आमच्या अनुभवाचा नाहीं. कांहीं फिल्मांचा पाया नेहमींच्या अ‍ॅसिटेटचा नसून पॉलिएस्टरचा असतो. तो फार पारदर्शक असल्यामुळें बाहेर राहिलेल्या जिभेवर पडलेला प्रकाश पायाच्या जाडींतून, नळींतून पाणी जावें तसा, आंत वाहत जातो आणि कॅसेट अगदीं चांगली असूनही पहिलीं चित्रें काळवंडतात. अ‍ॅसिटेटच्या पायांत हें टाळण्यासाठीं करडा रंग मिसळतात. पॉलिएस्टरची फिल्म असेल तर कॅसेट सावलींत, शक्य तर खोलींतच, कॅमेऱ्यांत घालावी व भरलेली कॅसेट नेहमीं बंद डबींत ठेवावी.

आतां आमची रीत अशी आहे. गुंडाळी बसविल्याबरोबर झाकणाच्या कडेवर काळ्या चिकटपट्टीचे दोन वेढे देतों, आणि काम झालें कीं लोडर काळ्या कापडाच्या पिशवींत घालून कपाटांत ठेवतों. कपाटाची किल्ली सरांजवळ असते. प्रत्येक कॅसेटवर पेन्सिलीनें क्रमांक घालतों व ती किती वेळां भरली याची नोंद वहींत करतों. एखाद्या फिल्मवर डाग आला तर वही पाहून ती नेमकी कोणती कॅसेट हें तत्काळ कळतें. मखमल रोज पाहतों, फुंकर घालून पुसतों. ओली फुंकर नव्हे, रबरी फुग्याची. ज्या कॅसेटीचें झाकण दाबून बसतें ती हातांतून पडली तर उघडते, म्हणून तिच्या टोंकांनाही पट्टी लावतों. दांडा फिरविण्यापूर्वीं एक जण मोठ्यानें म्हणतो, ‘दार बंद’, दुसरा म्हणतो, ‘द्वार उघडें’. आणि शेवटीं ‘द्वार बंद’ असें ऐकल्याखेरीज दाराला कोणी हात लावीत नाहीं. आगगाडीच्या स्टेशनावरल्यासारखें हें ऐकून प्रयोगशाळेंतील मंडळी हंसतात.

डागाळलेली गुंडाळी आम्हीं टाकून दिली नाहीं. डाग एका कडेला दोनच मिलिमीटर आंत येतो, तेवढें चित्र छापतांना वगळतां येतें. सरावास ती फिल्म चांगली आहे. तिच्यांतून अद्यापि आठ-नऊ कॅसेटी निघतील.

मामांस आम्हीं पत्र लिहिलें होतें. त्यांचें उत्तर आलें. मे महिन्यांत नातवाच्या मुंजीसाठीं ते इकडे येणार आहेत, आणि तेव्हां शाळेंत येऊन एकदां घंटा द्यावयास त्यांची हरकत नाहीं. त्या दिवसासाठीं नव्या गुंडाळींतील वीस चित्रांची एक कॅसेट सरांनीं व आम्हीं दिवे मालवून, लोडरशिवाय, हातानेंच भरून ठेवली आहे. तिची शेपटी उजेडांत आलेली नाहीं.